चॉकलेट कमल बागूलचं

सांगून टाकते. नाशकातल्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत माझी चूक माझ्या तोंडावर काढून दाखवण्याची हिंमत एकाच बाईनं केली. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या कमल बागूलनं. आणि चूक कशातली, तर चॉकलेटातली! मी चिडकी आहे हे आमच्याकडे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला बघून मुलं जिना बदलायची. कमल मात्र हातातलं फडकं खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, “बाई, हे काय पटलं न्हाई.”

ती सटाण्याकडची. उंच, हाडापेरानं मजबूत, टाचा आपटत चालणारी. लॅबमध्ये शिरली की हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवायची. का, असं विचारलं तर म्हणायची, “बांगडी काचेची, ब्युरेट काचेची. दोघी जावा-जावा. भांडनारच.” तिच्या हातून कधी काही फुटलं नाही. फोडायचो आम्ही शिकलेले लोक, आणि काचा तिनं गोळा करायच्या.

नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ही एक पिशवी घेऊन नाशकात आली, सिडकोत एक खोली भाड्यानं घेतली आणि आमच्याकडे रोजंदारीवर लागली. पहिल्याच दिवशी कारकुनानं हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव लिहिलं. हिनं ते खोडायला लावलं. “ते मी त्याच्या घरी ठिवून आले. माझ्या बापाचं लिहा. कमल बागूल.” कारकून वैतागून म्हणाला, नुसतं कमल लिहितो, तेवढं पुरे. तर ही म्हणाली, “तुमच्या पगाराच्या कागदावर नुसतं बाळू लिहिलं तर चालंल का?” कारकुनाचं नाव बाळासाहेब होतं. त्यानं मुकाट्यानं बागूल लिहिलं.

नावाच्या बाबतीत ती अशीच होती. मुलं “मावशी, मावशी” करत आली की कपाळाला आठी. “मी तुझ्या आईची बहीन न्हाई. कमलबाई म्हन.” मला पहिल्यांदा हा फाजीलपणा वाटला. एवढं काय त्यात, म्हणतात सगळ्यांना मावशी! तिला त्यात काय दिसत होतं ते मला कळायला फार वर्षं लागली, आणि जे घडलं त्यानंतरच कळलं.

तर चॉकलेट. नव्वदच्या दशकाचे सुरुवातीचे दिवस. वनस्पतिशास्त्राच्या पुरोहितबाईंचा भाऊ परदेशातून आला आणि त्यानं ट्रफल्सचा एक डबा आणला. पुरोहितबाईंनी तो स्टाफरूममध्ये उघडला. वर कोकोची भुकटी लावलेल्या, ओबडधोबड गोळ्या. प्रत्येकाला अर्धी अर्धी, सुरीनं कापून. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून “अहाहा” केलं. डबा रिकामा झाल्यावर पुरोहितबाईंनी तो कमलकडे दिला, फेकायला. त्यात एक अर्धी गोळी कोपऱ्यात चेपून चिकटली होती. कमलनं ती नखानं काढली आणि जिभेवर ठेवली. टाळूवर घोळवली. मग म्हणाली, “हाई चॉकलेट नही, बाई. हाई साय शे.”

फारच मनात काही शिरलं की ती अहिराणीवर यायची. चॉकलेटाला साय म्हणते म्हणून आम्ही हसलो. पुरोहितबाई तर खूपच हसल्या. पण म्हशींच्या गोठ्यात वाढलेल्या पोरीची जीभ होती ती. आतला मऊ भाग म्हणजे गनाश, म्हणजे गरम साय आणि चॉकलेट यांचं मिश्रण, हे मी पुढे एका पुस्तकात वाचलं. तिनं ते चेपलेल्या अर्ध्या गोळीवरून ओळखलं होतं.

मग ती हात धुऊन मागे लागली. रविवार कारंजाजवळ बेकरीचं सामान विकणारा एक शेठ होता. त्याच्याकडून चॉकलेटची लादी आणली, बोटावर घासली, आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेली. मी तिच्याबरोबर गेले होते, मला रव्याची चाळण हवी होती.

“शेठ, याच्यात डालडा हाय.”

“अरे ताई, सगळं नाशिक हेच घेऊन जातं. बर्थडेला चालतं.”

“नाशिकला चालूंद्या. बोट बघा माझं. मेन लावल्यागत झालंय. खरं चॉकलेट बोटाच्या उबीनं इतळतं.”

“खरं चॉकलेट मुंबईला मिळतं, आणि लय महाग असतं. तुला कशाला पाहिजे?”

तुला कशाला पाहिजे! हा प्रश्न त्या बाईला आयुष्यात किती जणांनी विचारला असेल देव जाणे. ती चिडली नाही. दर शनिवारी त्या दुकानात जाऊन उभी राहायची. “आलं का?” एवढंच. गिऱ्हाइकं असली तरी मोठ्यानं. सहा महिन्यांनी शेठनं कंटाळून मुंबईहून खऱ्या काळ्या चॉकलेटची एक लादी मागवली. ती घेऊन ती सिडकोपर्यंत चालत गेली. रिक्षाच्या इंजिनाच्या धगीनं वितळेल म्हणे!

आता माझी चूक. एका सोमवारी कमल तोंड पाडून लॅबमध्ये आली. सायीत चॉकलेट घातलं, ढवळलं, आणि सगळं फुटलं. तेल वर, गाळ खाली. मी खडू हातात घेऊन तिला समजावलं, की बाई गं, म्हशीची साय म्हणजे नुसती चरबी. चरबी जास्त झाली, तिला धरून ठेवायला पाण्याचा अंश पुरेना, म्हणून तेल सुटलं. तिनं लगेच विचारलं, “मंग वरून दूध घालू का?” मी म्हणाले, खबरदार! चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला की त्याचा दगड होतो. सगळ्या पुस्तकांत लिहिलंय.

मंगळवारी ती आली ती टाचा आपटतच. माझ्या टेबलावर स्टीलची छोटी डबी ठेवली. आत गनाश. काळंभोर, तुकतुकीत, चमचा उभा राहील असं. “दोन चमचे कोमट दूध घातलं. थोडं थोडं. मधून ढवळत गेले. बसलं.” मी म्हणाले, असं कसं होईल? “झालं की! नुसत्या चॉकलेटात थेंब पडला तर दगड होत असंल. हे साय घातलेलं हाय. याला पानी कमी पडलं होतं, तुम्हीच सांगितलं. मंग पानी द्यायला नको? बाई, तुमचं रसायनशास्त्र बरोबर हाय, तुम्ही चुकल्या.” माझ्या समोर प्रात्यक्षिकाची वीस मुलं उभी होती. मी डबी पुढे ओढली आणि खाल्लं. बोलायला तोंड मोकळं नव्हतं, ते बरंच झालं.

तिचं काम बघण्यासारखं असायचं. मी दोन-तीनदा तिच्या खोलीवर गेले. साय मलमलच्या फडक्यातून दाबून काढायची, एक गुठळी राहता कामा नये. चॉकलेट विळीवर किसायची. साय उकळू द्यायची नाही, कडेनं बुडबुडे दिसले की खाली. चॉकलेटवर ओतून झाकून ठेवायची आणि शंभर आकडे मोजायची, मोठ्यानं, मध्ये कोणी बोललं तर पहिल्यापासून. मीठ चिमटीत धरून कानाशी नेऊन चोळायची. ते का, ते मी कधी विचारलं नाही. गोळ्या वळायच्या सकाळी सहाला, माठातल्या पाण्यात हात बुडवून, कोरडे पुसून. “माझे हात गरम. माझं डोकं पन गरम. गोळा इतळतो.” प्रयोगशाळेतली एक काडीसुद्धा तिनं घरी नेली नाही. थर्मामीटर ने, म्हणून मीच म्हणाले होते. “नको. उद्या कोनी म्हनंल, चोरलं.”

आमच्या संस्थेच्या सचिवांच्या पत्नी रेखामॅडम. गंगापूर रोडला बंगला, बंगल्यात बायकांसाठी पाककलेचे वर्ग. त्यांनी कुणाकडे तरी कमलच्या गोळ्या खाल्ल्या आणि तिला बोलावून घेतलं. पाहुण्यांसाठी करून देत जा म्हणाल्या. पैसे चोख द्यायच्या, त्याबद्दल बोलायला जागा नाही. शिवाय कमलला कायम करण्याचा कागद सचिवांच्या टेबलावर दोन वर्षं पडून होता. तो सरकेल, असंही गोड बोलल्या. कमल खूश होती. वर्षभर ती त्यांच्याकडे डबे पोचवत होती.

मग ती दिवाळी आली. पुरोहितबाईंनी स्टाफरूममध्ये सोनेरी कागदाचा एक खोका उघडला. वर छापलेलं, ‘रेखाज्‌ होममेड’. संस्थेतल्या सगळ्या वरिष्ठांच्या घरी असा खोका गेला होता. माझ्याही घरी आला होता. मी घरीच उघडून खाल्लं होतं आणि पहिल्याच घासाला ओळखलं होतं. तो मिठाचा कण दुसऱ्या कुणाचा असणार?

कमल चहाचे कप न्यायला आली. पुरोहितबाईंना उदार व्हायची लहर आली. “घे गं कमल, एक घे. सचिवांच्या मिसेसनी स्वतः केलंय. अशी चव तुला जन्मात मिळायची नाही.”

कमलनं गोळी घेतली. खोक्याकडे बघितलं. तिला इंग्रजी अक्षरं लावता येत होती, बाटल्यांवरची वाचून वाचून शिकली होती. तिनं सावकाश वाचलं. गोळी खाल्ली नाही. म्हणाली, “हाई मन्हं शे.”

“काय?”

“हे माझं हाय. मी केलंय.”

अख्खी खोली हसली. पुरोहितबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. कमल हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मला माहीत होतं हे तिला माहीत होतं. आणि मी, नाशकातली प्रसिद्ध चिडकी बाई, मी काय म्हणाले? “कमल, कप घेऊन जा. नंतर बोलू.” माझ्या बढतीची फाईलही सचिवांच्याच टेबलावर होती ना! आज लिहितानाही माझी मलाच लाज वाटते. वाटायलाच हवी.

तिनं रेखामॅडमना गोळ्या देणं त्या दिवसापासून बंद केलं. बंगल्यावर जाऊन सांगितलं, माझं नाव छापा, मग देते. मॅडम हसून म्हणाल्या, अगं, तुझ्या नावावर कोण घेईल? कमल बागूल, हे काय चॉकलेटचं नाव आहे?

जानेवारीत कॉलेजातल्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पाहुण्या रेखामॅडम, आणि विशेष आकर्षण, त्यांचं ट्रफल्सचं प्रात्यक्षिक. सभागृहात दोनशे बायका, काळ्या साड्या, टेबलावर शेगडी. आता गोळ्या द्यायला कमल नव्हती, तेव्हा मॅडमना स्वतः करणं भाग होतं. वर्गात त्या साच्यातलं चॉकलेट शिकवायच्या, गनाश कधी केलं नव्हतं. तरी मदतीला म्हणून कमललाच उभं केलं, कारण भांडी धुवायला कोण? आदल्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, कायम होण्याचा कागद सहीला गेलाय, उद्या नीट वाग. तिनंच मला सांगितलं हे. मी म्हणाले, मग नीट वाग बाई. ती म्हणाली, “नीटच वागनार हाय.”

मॅडमनी साय खळाखळा उकळली. चॉकलेटवर ओतली आणि लगेच ढवळायला लागल्या, फराफरा. मी तिसऱ्या रांगेत होते. मला तिथूनही दिसलं, कडेनं तेल सुटायला लागलं. मॅडम ढवळताहेत, तेल वाढतंय. पुढच्या रांगेतल्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. मॅडमनी माइकवर हात ठेवून कमलला काहीतरी सांगितलं. त्यांचा हात नीट बसला नव्हता, सगळ्या सभागृहाला ऐकू आलं. “अगं, बघतेस काय? नीट कर ना ते.”

कमलनं फडकं खांद्यावर टाकलं. शांतपणे माइक त्यांच्या हाताखालून काढून घेतला.

“मी कमल बागूल. रसायनशास्त्राच्या लॅबमधी बाटल्या धुते. दिवाळीला तुम्ही सगळ्यांनी सोनेरी खोक्यातलं जे खाल्लं ते माझ्या हातचं होतं. मॅडमनी इकत घेतलं, पैसे दिले. पैशाचं मी काय म्हनत न्हाई. नाव मी इकलं नव्हतं. आता हे फुटलंय, ते कसं बसवायचं ते दाखवते. कोमट दूध द्या कोनीतरी.”

दूध कोणी देईना. मग मागच्या रांगेतून झाडूकाम करणाऱ्या सखूबाई उठल्या, चहाच्या टेबलावरचं दुधाचं भांडं उचललं आणि दोनशे बायकांच्या मधून चालत जाऊन तिच्या हातात दिलं. कमलनं एकेक चमचा घातला, मधून, गोल, घाई न करता. शंभर आकडे मोजून होण्याच्या आत भांडं आरशासारखं चमकायला लागलं. तिनं ते तिरपं करून सगळ्यांना दाखवलं. माइक मॅडमच्या हातात परत दिला, खिडकीत काढून ठेवलेल्या बांगड्या घेतल्या आणि निघून गेली. टाळ्या मागच्या रांगांतून सुरू झाल्या. मीही वाजवल्या, पण सगळ्याजणी वाजवायला लागल्यावर.

जूनमध्ये रोजंदारीवाल्यांची नवी यादी लागली. तिच्यात कमल बागूल नव्हती. कायम होण्याचा कागद कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन टेबल बडवलं, आवाज चढवला, राजीनाम्याची भाषा केली. उपयोग शून्य. संध्याकाळी सिडकोत गेले आणि तिला सांगितलं, मी भांडून आले. ती गोळ्यांवर कोको भुरभुरवत होती. “आता भांडल्या होय? दिवाळीत घसा बसला होता का तुमचा?” तिनं पाट सरकवला. “बसा. टोपन लावू लागा डब्यांना.”

त्या दिवसापासून ती पूर्णवेळ चॉकलेटात पडली. साधे पुठ्ठ्याचे खोके, वर मराठीत ठसठशीत नाव, कमल बागूल. दुसरं काही नाही. रविवार कारंजाचा तोच शेठ तिचा माल ठेवायला तयार झाला, पण म्हणाला, ताई, नाव बदल, काहीतरी फ्रेंच ठेव, दुप्पट खपेल. “मंग तुम्ही पन फ्रेंच नाव ठेवा ना, शेठ. दुप्पट गिऱ्हाईक येईल.” दोन हजार सालानंतर शहराबाहेरच्या धरणाकडे द्राक्षांच्या वाइनचे कारखाने आले, मोठी हॉटेलं आली. एका हॉटेलच्या मॅनेजरनं तिच्याकडे गाडी पाठवली. दर आठवड्याला पाहिजे तेवढा माल घेतो, फक्त खोका आमचा. तिनं गाडी रिकामी परत पाठवली. मी म्हणाले, अगं, केवढी कमाई होती! म्हणाली, “असू द्या. मी रिकाम्या हातानं आले होते सटान्याहून, मला सवय हाय.” तीन महिन्यांनी तोच मॅनेजर स्वतः आला आणि तिचे खोके तसेच्या तसे घेऊन गेला. कुणी वाटच बघितली असेल तर त्यानं, हिनं नाही.

मी निवृत्त झाले, आणि पुण्याला मुलाकडे राहायला जायचं ठरलं. जायच्या आदल्या आठवड्यात शहरातल्या एका मैदानावर बचतगटांचं प्रदर्शन होतं. पापड, कुरडया, येवल्याच्या साड्या, आणि त्यांच्यामध्ये तिचं टेबल. केस पांढरे झाले होते. चष्मा लागला होता. गर्दी अशी की तिला मान वर करायला फुरसत नव्हती. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, “आल्या का? धरा पिशव्या.” मी धरल्या. शेवटची भेट ही, हे दोघींनाही माहीत होतं.

एक बाई गर्दीतून पुढे आल्या. मोठ्या घरच्या वाटत होत्या. एक गोळी चाखली, डोळे मोठे केले आणि मलाच विचारलं, माझ्या चष्म्याकडे आणि सुती साडीकडे बघून, “काय सुंदर केलंत हो! तुम्ही करता का हे?”

कमलचा सुट्टे मोजणारा हात थांबला. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. स्टाफरूममध्ये त्या दिवशी बघितलं होतं, तसंच.

“छे हो,” मी म्हणाले. “हे कमल बागूलचं आहे. या कमल बागूल.”

“बाई,” ती पुढच्या गिऱ्हाइकाचा खोका बांधायला घेत म्हणाली, “जरा मोठ्यानं सांगा. मागं लय लोकं हायेत.”